कण्हेरीचं कुंपण

आमच्या घरात घाबरायचं काम माझ्याकडे आहे. गॅस बंद केला का, हे बघायला मी फाटकापर्यंत गेलेली परत येते. शेंगदाण्याचा कूट जरा खवट लागला की अख्खा डबा रिकामा करते. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो गं, पण तुझ्यापाठी त्याचं बिऱ्हाडच आलंय." अप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंही बोलत नसत. धारवाडच्या कोर्टात त्यांनी जन्मभर वकिली केली. साक्षीदार आपणहून बोलायला लागला की मध्ये तोंड घालू नये, हे त्यांचं तत्त्व, आणि ते त्यांनी घरात माझ्यावरही चालवलं. मी बडबडत राहायचे, ते "बरं" म्हणायचे, आणि शेवटी मीच माझ्या बोलण्यात अडकायचे.

माझ्या भीतीच्या गोष्टींत कण्हेर फार पूर्वीपासून होती. ती आमच्या कुंपणालाच होती, त्यामुळे विसरायची सोय नव्हती.

हे कुंपण आईनं लावलेलं. कलघटगीच्या बाजूला एका लग्नाला गेली होती, तिथल्या देवळाच्या आवारातली गुलाबी कण्हेर तिच्या मनात भरली. लग्नातून लोक नारळ घेऊन येतात, ही फांद्यांचा भारा घेऊन आली, तोही बसमधून, लोकांच्या शिव्या खात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांद्या निवडायच्या, खालची पानं काढून टाकायची आणि बाटलीत पाणी घालून त्यात उभ्या करायच्या. न्हाणीघराच्या खिडकीत अशा बाटल्यांची रांग होती. काही दिवसांनी बुडाशी पांढरी मुळं फुटली की पावसाची उघडीप बघून त्या जमिनीत लावायच्या. आमच्या तांबड्या मातीत सगळ्या फांद्या लागल्या. जुन्या हुबळीतल्या मावशीला दिलेल्या मात्र कुजल्या, कारण तिथली माती काळी, पाणी धरून ठेवणारी. कण्हेरीला पाय ओले चालत नाहीत. ऊन द्या, धूळ द्या, विसरून जा, ती फुलत राहते. बहर ओसरला की आई तिची छाटणी करायची, म्हणजे नवी फूट यायची आणि फुलं नव्या फुटीवरच येतात. छाटताना ती हाताला जुनं कापड गुंडाळायची, आणि नंतर हात इतके चोळून धुवायची की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

शंका पुढे आली, शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर. कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, बी, सगळं विषारी. ते विष हृदयावर जातं, ठोक्यांची लय बिघडवतं. फांदी जाळली तर धूर वाईट. फुलं ज्या पाण्यात ठेवली ते पाणीसुद्धा वाईट. हे वाचलं त्या दिवशी मी घरी येऊन आईला धडाधड सगळं ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ठाऊक आहे की. म्हणून तर कुंपणाला लावली. गुरं तोंड लावत नाहीत."

खरंच होतं ते. धारवाडमध्ये अर्ध्या घरांना हेच कुंपण आहे, हुबळीच्या रस्त्याच्या दुभाजकावरही हीच लावलीय, आणि कुठल्या गाईनं ती ओरबाडलेली मी कधी पाहिली नव्हती. पान ताजं असतं तेव्हा जहर कडू असतं, गाय हुंगून बाजूला होते. धोका असतो तो सुकल्यावर. सुकलं की कडूपणा उतरतो आणि विष मात्र तसंच राहतं. हेही आईला ठाऊक होतं, कारण तिचा एक कडक नियम होता. देवावरून उतरलेली फुलं, म्हणजे निर्माल्य, परसातल्या खड्ड्यात जायचं. भाजीची देठं, सालं आणि भाकरी गाईला. दोन भांडी वेगळी, दोन्हींच्या जागा वेगळ्या. घंटागाडीत निर्माल्य टाकायला अप्पांचा विरोध होता. देवाचं फूल पायदळी येऊ नये, कचऱ्यात तर नाहीच नाही.

या झाडाचं आणि देवाचं गूळपीठ कशामुळे, कोण जाणे. शंकराला म्हणे विषाचं काही नाही, त्यानं आधीच पुष्कळ पचवलंय, म्हणून त्याला धोतराही चालतो आणि कण्हेरही. कन्नडमध्ये हिला कणगिले म्हणतात, आणि श्रावणातल्या सोमवारी पहाटेपासून आमच्या फाटकाबाहेर पिशव्या घेतलेले लोक फांद्या वाकवताना दिसायचे. चोरून तोडलेलं फूल देवाला जास्त पावतं, अशी इकडची ठाम समजूत आहे. अप्पा सांगायचे की पूर्वीचे वैद्य कण्हेरीचं मूळ गाईच्या दुधात शिजवून त्याचं विष उतरवायचे आणि मग कातडीच्या रोगावर बाहेरून लावायच्या तेलात घालायचे. मी लगेच म्हणायचे, "कुणी करून बघू नका." ते म्हणायचे, "बरं."

एका गोष्टीसाठी मात्र मला ते कुंपण आवडायचं. कण्हेरीच्या पानांखाली फुलपाखराचे कोष लटकायचे, चकचकीत, चांदीच्या डुलासारखे. ती अळी कण्हेरीचीच पानं खाऊन मोठी होते आणि तिला काही होत नाही. उलट तिच्या अंगात ते विष राहतं, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. वर्गातल्या मुलींना दाखवायला मी एखादी फांदी शाळेत न्यायचे आणि दिवसभर कुणी तिला हात तर लावला नाही ना, म्हणून बेचैन असायचे.

आई गेली, आणि घरात अप्पा आणि मी उरलो. मी लग्न केलेलं नाही. तेही भीतीपोटीच असं आई म्हणायची, आणि तिचं अगदीच चूक नव्हतं. पुढे अप्पांची नजर गेली. पूर्ण नाही. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, मधलं दिसत नाही, कडेचं पुसट दिसतं. समोर उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण त्याच्या बाजूचं दार दिसतं. आधी वाचन सुटलं, मग सुभाष रोडपर्यंत एकट्यानं जाणं सुटलं. राहिली एकच गोष्ट, सकाळची फुलं, पूजा आणि गोग्रास. फुलं ते बोटांनी ओळखायचे. जास्वंद, तगर, कण्हेर. पूजा झाली की घरात कुणी तोंडात काही घालायच्या आधी पहिली ज्वारीची भाकरी गाईची. ती घेऊन ते फाटकाशी उभे राहायचे.

मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका अक्कांची ती गाय. अक्का एकट्या, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, पत्र्याच्या गोठ्यात ही एकच गाय आणि तिच्या दुधावर अक्कांचा संसार. सकाळी मोकळी सोडली की गाय सरळ आमच्या फाटकाशी यायची आणि मान वर टाकून उभी राहायची. अप्पा तिला भाकरी द्यायचे, मग भिंतीवरच्या टोपल्यातली देठं-सालं द्यायचे, आणि कपाळ खाजवत तिच्याशी कन्नडमध्ये बोलायचे. घरात आम्ही मराठी बोलतो, पण अप्पांचं म्हणणं, गायीला मराठी येत नाही.

या गोग्रासावरून मी लहानपणी एकदा मार खाल्ला होता. जेवता जेवता गाय आली म्हणून मी हातातली अर्धी खाल्लेली भाकरी तिला दिली. अप्पांनी कधी नाही तो हात उगारला. "गाईला उष्टं देतेस? देवाला उष्टं दाखवशील का?" मग तेहतीस कोटी देव, गाईचं पोट, सगळं समजावून सांगितलं. त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्टही सांगितली असावी, निदान माझ्या डोक्यात दोन्ही एकत्र आहेत. त्यांच्या आजोळच्या गावात एका माणसाच्या हातून चुकून गाय मेली. त्याला प्रायश्चित्त मिळालं. गळ्यात गाईचं दावं अडकवून दारोदार भिक्षा मागायची, तोंडानं एक शब्द काढायचा नाही, दाराशी उभं राहून नुसतं हंबरायचं. अप्पांनी लहानपणी त्याला दारात हंबरताना ऐकलं होतं. "चुकून झालं होतं ना पण?" मी विचारलं. अप्पा म्हणाले, "गाईला काय फरक पडतो?"

श्रावणातला सोमवार होता. आदल्या दिवसांत झिमझिम पाऊस थांबलेला नव्हता, परसातला खड्डा पाण्यानं भरला होता, म्हणून निर्माल्य परडीत साठवून मागच्या पडवीत ठेवलं होतं. त्यात कण्हेरीच होत्या जास्त, फुलं आणि त्यांच्याबरोबर आलेली पानं, बहुतेक कोमेजून तपकिरी पडलेलं, हाताला भाजीच्या पाल्यासारखंच लागणारं. मी शाळेत जायच्या गडबडीत चहा घेऊन बाहेर आले, तर अप्पा फाटकाशी उभे होते आणि गाय चघळत होती. भिंतीवर देठांचं टोपलं भरलेलंच होतं. अप्पांच्या हातात परडी होती, आणि ती रिकामी होती.

गाईच्या ओठाच्या कोपऱ्यात एक चुरगळलेली गुलाबी पाकळी होती.

"आज अगदी चाटूनपुसून खाल्लं बघ," अप्पा खुशीत म्हणाले.

कपातला चहा हातावर सांडला तेव्हा कळलं की मी कप वाकडा धरलाय. अक्कांची गाय गाभण होती, दिवस भरत आले होते, दूध आटवलेलं होतं. जन्मभर मी ज्या शंभर गोष्टींना घाबरले त्यांतली एकही खरी झाली नव्हती, आणि झाली ती ही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण गाय आणि अप्पा एकत्र माझ्याही मनात आले नव्हते.

मी सांगायला हवं होतं का? तोंड उघडलं, आणि अप्पांचा चेहरा बघितला, पांढरी दाढी, कपाळावर ओलं भस्म, गाईच्या कानामागे फिरणारा हात. मला त्या माणसाचं हंबरणं ऐकू आलं, मी कधीही न ऐकलेलं. मी तोंड मिटलं.

"अप्पा, मी जरा अक्कांकडे जाऊन येते. गाय पण नेते, पावसात कशाला उभी."

"पाऊस कुठाय?" ते म्हणाले.

"येईल."

"बरं."

अक्का गोठा झाडत होत्या. मी सांगितलं ते बहुधा नीट सांगितलं नसावं, कारण त्यांनी दोनदा विचारलं. मग झाडू टाकून त्या गाईपाशी गेल्या, तिचं तोंड उघडून बोटं आत घालून चोथा बाहेर काढला, हुंगला. "कणगिले," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, कन्नड-मराठीची मिसळ करत, आवाज चढवून म्हणाल्या, "अप्पांना दिसत नाही, अव्वा. तुम्हाला दिसतंय की!"

त्या बोलल्या ते योग्यच बोलल्या. ही गाय गेली असती तर त्यांचं सगळं गेलं असतं, पोटातल्या वासरासकट. मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर तासाभरात आले, पण तो तास गेला कसा ते विचारू नका. गाईच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. मग हगवण लागली. पायांना कंप सुटला. डॉक्टरांनी तिच्या डाव्या पुढच्या पायामागे नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. ठोका मध्येच चुकतोय, म्हणाले. कोळशाची पूड पाण्यात कालवून तिला पाजली, इंजेक्शनं दिली. चालवायचं नाही, दचकवायचं नाही, सावलीत शांत उभी राहू द्या. "किती खाल्लं?" त्यांनी विचारलं. "किती, ते कळलं तर बरं होईल."

किती? ते मला घरी जाऊन बघायला लागणार होतं.

अप्पा पुढच्या पडवीत खुर्चीवर बसले होते. मी त्यांच्या समोरून वाकून फाटकापर्यंत गेले, चिखलात पडलेल्या, गाईनं टाकून दिलेल्या पानांचा लगदा बोटांनी वेगळा केला, झुडपाखाली चाचपलं. बरंचसं तिनं टाकलं होतं. म्हणजे मला तसं वाटलं, आणि तसं वाटायला हवंही होतं, त्यामुळे माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

"काय शोधतेस?" अप्पांनी विचारलं.

"कानातलं पडलंय माझं."

दोन्ही कानांत कुड्या होत्या. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी ते बोलू शकले, आणि बोलल्याबरोबर स्वतःची किळस आली.

"सोन्याचं ना गं?"

"हो."

"मग नीट शोध," ते म्हणाले. "घाई करू नको. शाळेत कळव."

मी शाळेत रजा कळवली. दिवसभर मी दोन घरांच्या मध्ये येरझाऱ्या घातल्या, आणि दर खेपेला अप्पांना नवीन कारण सांगितलं. औषधाच्या दुकानात जाऊन येते. अक्कांना मोबाईलचं काहीतरी करून हवंय. ते प्रत्येक वेळी "बरं" म्हणत. दुपारी ते जेवायला बसले नाहीत. सोमवार आहे, म्हणाले. सोमवारी ते एरवी दुपारी फराळ करायचे, पण मला तेव्हा त्यांच्या पोटाचा विचार करायला जागाच नव्हती. माझ्या डोक्यात गाईची बरगडी वर-खाली होत होती.

गोठ्यात अक्का गाईच्या गळ्याखाली हात धरून उभ्या होत्या. राग ओसरला होता, आता त्या रडतही नव्हत्या, नुसत्या गाईला थोपटत काहीतरी पुटपुटत होत्या. मी शेजारी पोत्यावर बसले. खरं सांगायचं तर मला गाईपेक्षा अप्पांची काळजी होती. गाय मेली तर हे कुठवर लपणार? गल्लीत गाय मेली तर मागाहून दहा तोंडं बोलतात. ते ऐंशी ओलांडलेले, हृदय त्यांचंही काही लोखंडाचं नव्हतं. आणि न बोलता, कुणाला दोष न देता, त्या दिवसापासून ते जेवणं सोडतील, हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं. मी अक्कांना तेवढंच म्हटलं, "काही झालं तरी अप्पांना सांगू नका."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "मी कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "म्हातारा माणूस. देव म्हणून दिलं त्यांनी."

दिवेलागणीच्या सुमाराला गाईनं मान खाली घातली आणि बादलीतलं पाणी प्यायली. सावकाश, मध्ये थांबत, पण प्यायली. डॉक्टर परत आले, पुन्हा नळी लावली, पुन्हा कितीतरी वेळ ऐकलं. "बरीच सुधारलीय," ते म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत नजर ठेवा. पण वाचली असं समजायला हरकत नाही." वासराचं हलणंही त्यांनी कुशीवर हात ठेवून तपासलं. अक्कांनी गाईच्या मानेत तोंड खुपसलं. "हेदरब्याड्री," त्या मला म्हणाल्या, घाबरू नका म्हणून. आणि मग स्वतःच हुंदके द्यायला लागल्या.

मी घरी आले तेव्हा अप्पा तिथंच बसलेले होते. दिवा लावलेला नव्हता. त्यांना लागत नाही, म्हणून मी कधी घरी नसले की अंधारच असतो.

"तुझं कानातलं सापडलं?" त्यांनी विचारलं.

"सापडलं," मी म्हणाले, आणि मला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं.

"चांगलं आहे ना? मोडलं-बिडलं नाही?"

"नाही अप्पा. चांगलं आहे."

त्यांनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मग म्हणाले, "मला जरा भात टाक."

पुढचे दिवस मी अप्पांना तयार उत्तर घेऊनच वावरत होते. गाय का येत नाही, असं विचारलं की सांगायचं, अक्कांनी तिला वेत होईपर्यंत कलघटगीला भावाकडे धाडलीय. उत्तर मी इतकं घोटून ठेवलं होतं की त्यात भावाचा गोठाही बांधून झाला होता. पण अप्पांनी विचारलंच नाही. ते फाटकाशी जाईनासे झाले. गोग्रास मीच कुठल्या तरी भटक्या गाईला देऊन यायचे.

आणखी एक विचित्र झालं. कोरा चहा दे, म्हणाले. मी विचारलं, दूध सोसत नाही का, डॉक्टरांकडे जाऊ या का, पोटात दुखतं का. माझी नेहमीची फैर. "नकोसं वाटतं," एवढंच. दूध नाही, दही नाही, ताक नाही. ताकाशिवाय आयुष्यात भात न खाल्लेला माणूस नुसत्या वरणावर भात खायला लागला. मला वाटलं, वयानं चव बदलली. माझ्या भीतीला नवं खाद्य मिळालं, मी त्यांची हाडं आणि कॅल्शियम यांच्या काळजीत पडले.

आणि मग एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "ती कण्हेर काढून टाक."

मी चकित झाले. किती वर्षं मी यासाठी डोकं फोडलं होतं. आई गेल्यावर तर विषय काढायचीही सोय नव्हती, तिच्या हातची होती ती. "का हो?" मी विचारलं.

"विजेच्या तारेला लागतेय म्हणालीस ना तू."

मी म्हणाले होते, दोन वर्षांपूर्वी. पण आयती संधी कोण सोडतं? दोन माणसं बोलावली, हातमोजे आणून दिले, काहीही जाळायचं नाही म्हणून शंभरदा बजावलं. फांद्या खोल खड्डा खणून पुरल्या. मुळं इतकी घट्ट होती की पहारीनं काढावी लागली. अप्पा आतच होते. फक्त शेवटी बाहेर येऊन मोकळ्या झालेल्या जागेवरून त्यांनी हात फिरवला, हवेतच, छातीच्या उंचीवर, जिथं फुलं असायची तिथून. मग म्हणाले, "तिथं तगर लाव." देवाला फुलं आता मी सुभाष रोडवरून आणते, आणि ती धुऊन घेते.

गणपती होऊन गेल्यावर गाय व्याली. कालवड झाली, धडधाकट. अक्का पितळी भांडं भरून पहिल्या दुधाचं गिण्णू, म्हणजे खरवस घेऊन आल्या, गूळ-वेलची घातलेलं. मी अप्पांना वाटी दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली. "आधी तिला इकडं आणा," ते अक्कांना म्हणाले. "मग खातो."

दुसऱ्या सकाळी पाऊस नव्हता. अक्का गाईला घेऊन आल्या, मागं कालवड, पायात पाय अडकवत. कण्हेर नसल्यामुळे फाटकाशी लख्ख ऊन होतं. गायीनं नेहमीसारखी मान फाटकावरून आत टाकली. तिला कसली आठवण, ती भाकरीसाठी फुरफुरत होती.

मी भाकरी अप्पांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तू दे," ते म्हणाले.

अक्का पुढे आल्या, माझ्या हातातली भाकरी घेतली, अप्पांचा हात मागून ओढून काढला आणि त्यात ठेवली. "नीवं कोड्री, अप्पा," त्या म्हणाल्या. तुम्हीच द्या.

अप्पांनी भाकरी दोन्ही बाजूंनी चाचपली. नाकाशी नेऊन हुंगली. काठावरून बोट फिरवलं. मग एक तुकडा मोडला. मला वाटलं, कालवडीसाठी मोडला असेल, आणि ती अजून भाकरी खात नाही असं मी सांगणारच होते. त्यांनी तो तुकडा स्वतःच्या तोंडात घातला.

ते सावकाश चावत राहिले. गिळला. गाय मान पुढं काढत होती, तिचा ओला श्वास त्यांच्या हातावर येत होता, पण त्यांनी भाकरी दिली नाही. एक हात फाटकावर ठेवून ते नुसते उभे राहिले, जणू आत काय होतं ते ऐकत होते. अक्कांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि पदर तोंडाला लावला. तेव्हा मला कळलं की त्या सोमवारी सकाळी मी चहा सांडला, तेव्हापासूनच अप्पांना सगळं ठाऊक होतं.

"ठीक आहे," अप्पा म्हणाले, आणि उरलेली भाकरी त्यांनी गाईपुढे धरली.

घरात येऊन त्यांनी खरवस खाल्ला. गाय आता रोज येते, आणि आमच्या घरचा गोग्रास रोज उष्टा असतो.